इंडोनेशियन येत असेल तर सेबुआनो किती सोपी जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुराबायात राहिल्यामुळे घरात सगळ्यांना बऱ्यापैकी इंडोनेशियन येते. आता मुलगी डॉक्टर व्हायला फिलिपिन्समधल्या दावाओला निघाली आहे, तर तिथली सेबुआनो तिला आपोआप कळायला लागेल का?

आपोआप नाही कळणार. शब्द भराभर ओळखीचे वाटतील, वाक्य मात्र हातातून निसटेल. मीही याच क्रमाने शिकलो, म्हणून कुठे फायदा होतो आणि कुठे अडतं ते जरा सविस्तर लिहितो.

नातं खरं आहे. दोन्ही भाषा ऑस्ट्रोनेशियन कुटुंबातल्या. इंडोनेशियन मलय गटातली, सेबुआनो फिलिपिन्सच्या बिसाया गटातली (तिथे लोक तिला 'बिसाया'च म्हणतात). लांगित म्हणजे आकाश, बुलान म्हणजे चंद्र आणि महिनाही, लिमा म्हणजे पाच, हे दोन्हीकडे सारखंच. बाकीचे बरेच शब्द रूप बदलून येतात, आणि त्या बदलाला नियम आहे. इंडोनेशियन 'र'च्या जागी सेबुआनोत पुष्कळदा 'ग' सापडतो: तांदूळ बेरास–बुगास, शीर उरात–उगात, शेपूट एकोर–इकोग. बेरासमधल्या पहिल्या पुसट स्वराचा तिकडे 'उ' होतो. म्हणून चार म्हणजे एम्पात–उपात, सहा म्हणजे एनाम–उनोम. 'ज'चा बऱ्याचदा 'द' होतो: रस्ता जालान–दालान. सुईचा जारुम–दागुम घ्या, त्यात 'ज' आणि 'र' दोन्ही बदललेले दिसतील. एकोणिसाव्या शतकात वान देर तूक या डच अभ्यासकाने 'र'चा हा बदल नियम म्हणून मांडला. मुलीला हे तीन नियम आधी शिकवा, पाठांतराचं बरंच ओझं उतरेल.

संस्कृतची मदत मात्र तिथे तुटते. सुआमी (नवरा), इस्त्री (बायको), केपाला (डोकं), मुका (चेहरा), मानुसिया (माणूस) हे इंडोनेशियन शब्द आपल्याला शिकवावे लागत नाहीत. सेबुआनोत असे शब्द थोडेच, जसा मोत्यासाठीचा मुत्या, आणि तेही मलयच्या वाटेने आलेले. डोक्याला सेबुआनोत उलो म्हणतात. त्याचा इंडोनेशियन भाऊ हुलू आता मुख्यतः नदीच्या वरच्या अंगासाठी वापरला जातो, कारण डोक्याची जागा आपल्या कपालाने घेतली. इंडोनेशियन खिडकी जेंदेला पोर्तुगीजांकडून आली, गोव्याच्या कोंकणीतली जनेल आली तशीच. सेबुआनोची बिंताना स्पॅनिश आहे.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून सावध राहायला सांगा. इंडोनेशियन सुका म्हणजे आवडणं, आपल्या 'सुख'मधून आलेला. सेबुआनोत सुका म्हणजे उलटी, आणि उच्चार किंचित बदलला की व्हिनेगर. बाता इंडोनेशियनमध्ये वीट, सेबुआनोत लहान मूल. वॉर्डात हे शब्द रोज कानावर पडणार.

खरी अडचण क्रियापदाची, आणि माझ्या मते निम्मी मेहनत तिथेच घालावी. इंडोनेशियनमध्ये 'साया मेंबेली इकान' म्हटलं की मासा घेतो, घेतला, घेणार, सगळं भागतं; लागलंच तर सुदाह किंवा आकान जोडायचं. सेबुआनोत क्रियापद वाक्यात पुढे येतं आणि दोन गोष्टी एकदम सांगतं: काम झालं की व्हायचंय, आणि वाक्याचा रोख कशावर आहे. 'मोपालित को ओग इस्दा' म्हणजे मी मासा घेणार, 'निपालित को ओग इस्दा' म्हणजे घेतला. पण तो ठरावीक मासा महत्त्वाचा असेल तर 'पालितोन नाको आंग इस्दा', आणि घेऊन झाला असेल तर 'गिपालित नाको आंग इस्दा'. ज्या पैशाने घ्यायचा त्यावर रोख असेल तर इपालित, ज्याच्याकडून घ्यायचा त्यावर असेल तर पालितान. रोख ज्यावर, त्याच्याआधी आंग लागतं. इंडोनेशियनमधली मे- आणि दि- ही जोडी याच पद्धतीचा उरलेला अंश आहे, पण ती फार पुरत नाही. मराठी माणसाला एक आधार आहे: 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली' म्हणताना आपलंही क्रियापद कर्त्याला सोडून कर्माकडे वळतं. ही सवय असलेल्याला सेबुआनोचं वळण अगदीच परकं वाटत नाही.

आपला दुसरा फायदा 'आम्ही' आणि 'आपण'चा. दोन्ही भाषांत कामी म्हणजे आम्ही, कीता म्हणजे आपण. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, आपण नाही.

नकाराकडे नीट लक्ष द्या. इंडोनेशियनमध्ये क्रियापदाला तिदाक आणि नामाला बुकान, म्हणजे आपलं 'नाही' आणि 'नव्हे'. सेबुआनोत वाटणी निराळी आहे. 'दिली को मोकाओन' म्हणजे मी खाणार नाही, 'वाला को मोकाओन' म्हणजे मी खाल्लं नाही. क्रियापद तेच, काळ नकारातच. बोलताना दिलीचं 'दी' होतं आणि वालाचं 'वा'. रुग्ण जेवला नाही की जेवायला तयार नाही, हे त्या एका अक्षरावर कळतं. 'नको, करू नकोस'साठी इंडोनेशियन जांगान, सेबुआनो आयाव.

धाग्यावर कुणीतरी दर्यावर्दी मॅगेलनचा मलय बोलणारा गुलाम आणि दुभाषी एन्रिके याचा दाखला देऊन दोन्ही भाषा एकच असल्याचं लिहिलंय. १५२१ मध्ये तो मलय बोलला आणि बिसाया बेटांवरच्या राजाला समजलं, हे खरं. पण मलय तेव्हा त्या सगळ्या समुद्रातली व्यापाराची भाषा होती. त्या सफरीची हकीकत लिहिणाऱ्या पिगाफेत्तानेच लिहून ठेवलंय की तिथल्या राजांना प्रजेपेक्षा जास्त भाषा येतात. त्याने सेबूच्या आणि मलय शब्दांच्या याद्याही वेगवेगळ्या केल्या.

दावाओत सेबुआनो रुजली ती मुख्यतः विसाव्या शतकात बिसाया बेटांवरून आलेल्या लोकांमुळे, आणि तिथे तिच्यात टागालोग (मनिलाकडची भाषा) भरपूर मिसळते. वर्ग इंग्रजीत चालतील, रुग्ण मात्र बिसाया बोलतील. म्हणून सुरुवात 'उन्सा इमोंग गिबाती?' (काय होतंय?), 'आसा दापित आंग साकित?' (कुठे दुखतंय?), हिलानात (ताप) आणि उबो (खोकला) यांपासून करू दे. साकित तिला इंडोनेशियनमुळे येतंच. शब्दांसाठी जॉन वुल्फ यांचा १९७२ चा सेबुआनो–इंग्रजी कोश नेटवर फुकट मिळतो. त्यात 'ओ'ऐवजी 'उ' आणि 'ए'ऐवजी 'इ' लिहिलेलं असतं, तेव्हा शब्द सापडला नाही तर तसा शोधायला सांगा.