घरी सगळं समजतं, पेपरात काहीच सुचत नाही

परीक्षा जवळ आली की ही तक्रार घेऊन मुलं येतात. ‘टेन्शनवर काहीतरी उपाय सांगा,’ म्हणतात. टेन्शन खोटं नसतं, पण मी आधी अभ्यासाची पद्धत विचारते. माझा अनुभव असा, की निम्मी भीती तिथेच सापडते.

लिनियर अल्जिब्राच्या, म्हणजे व्हेक्टर (आकड्यांच्या ओळी) आणि मॅट्रिक्स (आकड्यांच्या चौकटी) यांच्या गणिताच्या, फायनलआधी एक विद्यार्थिनी आली होती. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) वही देखणी. रो रिडक्शन, डिटरमिनंट, आयगेन व्हॅल्यू, सगळं रंगीत पेनांनी नटलेलं.

‘सोडवलेली गणितं परत परत वाचते, मॅडम. प्रत्येक पायरी कळते.’

‘वही मिट. व्हेक्टर लिनियरली इंडिपेंडंट आहेत म्हणजे काय? मला यातलं काही येत नाही असं समजून सांग.’

‘डिटरमिनंट शून्य नसलं की झालं.’

‘नेहमी?’

‘मॅट्रिक्स चौरस हवं.’

‘आणि नसलं तर?’

ती गप्प झाली. तिला पाठ होती ती चाचणी. व्याख्या, म्हणजे एकही व्हेक्टर बाकीच्यांना आकड्यांनी गुणून आणि मिळवून तयार होत नाही, ही नव्हतीच.

पुढच्या भेटीपर्यंत तिला एकच काम दिलं: कोऱ्या कागदावर व्याख्या आठवून लिहायच्या आणि स्वतःच उदाहरण रचायचं. ती (1, 0, 2, 1), (0, 1, 1, 1) आणि (1, 1, 3, 2) घेऊन आली. ‘घरं चार आणि व्हेक्टर तीन, म्हणजे डिटरमिनंट निघतच नाही. पण तिसरा ही पहिल्या दोघांची बेरीज आहे. 1, 1 आणि −1 ने गुणून मिळवले की शून्य!’ मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला आता चांगलं जमतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘म्हणजे नल स्पेसमध्ये, गुणून मिळवल्यावर शून्य देणाऱ्या आकड्यांत, सगळी शून्यं सोडून काही आहे का, हाच प्रश्न झाला. रँक, म्हणजे खरोखर स्वतंत्र व्हेक्टर, 2, नल स्पेसची डायमेन्शन 1, बेरीज 3, जितके व्हेक्टर तितकीच. मॅडम, मी एकच गोष्ट तीन धडे समजून पाठ करत होते!’

वाचताना ‘कळलं’ वाटतं, कारण उत्तर समोर असतं. पेपरात ते आतून काढावं लागतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. आत्मविश्वास अधिक होता तो वाचणाऱ्यांचा!

म्हणून उत्तर झाकूनच गणित सोडवा. अडलात तर थोडा वेळ अडूनच राहा, लगेच पान उलटू नका. धड्यांची सरमिसळ करा, कारण कोणती रीत वापरायची हे पेपरात कुणी सांगत नाही. आयगेन व्हेक्टर काढलात? मॅट्रिक्सने गुणून पाहा, तोच व्हेक्टर λ (त्याची आयगेन व्हॅल्यू) पट होऊन आला पाहिजे. ही पडताळणी मिनिटभराची असते आणि मुलं नेमकी तीच गाळतात.

सुरुवातीचे काही दिवस आपल्याला काहीच येत नाही असं वाटेल. तिलाही वाटलं, रडवेला फोन आला होता. मी पद्धत बदलू दिली नाही. छातीतली धडधड पेपराच्या दिवशीही होतीच, पण पहिल्या प्रश्नाखाली तिने आधी व्याख्या लिहिली आणि मग आकडेमोडीला हात घातला.