रोजरीच्या वेळी घरात रोज रडारड होते, माझं काय चुकतंय?

"मॅडम, आमच्याकडे रोज संध्याकाळी रोजरी होते आणि रोज संध्याकाळी रडारड होते. मुलांना देवाची ओढ लागावी म्हणून मी हे सगळं करते, पण आता रोजरीची वेळ झाली की माझ्याच पोटात गोळा येतो. माझ्यामुळेच मुलांची श्रद्धा जाईल का हो?"

रोजरी म्हणजे जपमाळेचे मणी सरकवत म्हणायची प्रार्थना. लहान मुलं असलेल्या कॅथलिक घरांतून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत बरेचदा येतो, कोणी मिस्साबद्दल (चर्चमधल्या उपासनेबद्दल) विचारतं, कोणी झोपतानाच्या प्रार्थनेबद्दल, पण आतली भीती तीच असते. त्यातली ही एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि नावं मुद्दामच ठेवली नाहीत.

घरात तीन मुलं. थोरली सात वर्षांची, तिची पहिल्या कन्फेशनची (फादरांना पापं सांगून माफी मागण्याची) आणि पहिल्या कम्युनियनची (मिस्सात पवित्र भाकर घेण्याची) तयारी चालू होती. मधला मुलगा चार वर्षांचा आणि धाकटी दीडची. बाबा शिफ्टमध्ये काम करणारे त्यामुळे कधी रोजरीला असायचे कधी नसायचे, आणि सासूबाई दुसरीकडे राहायच्या पण फोनवर रोज एक प्रश्न ठरलेला, "आज रोजरी झाली का गं?" सासूबाई वाईट नव्हत्या, त्यांच्या मनात खरंच काळजी होती, पण सुनेला तो प्रश्न रोज हजेरी घेतल्यासारखा लागायचा.

मी पहिल्या भेटीत सल्ला वगैरे काही दिला नाही. फक्त म्हटलं की कालची संध्याकाळ मला मिनिटामिनिटाने सांगा. तिने सांगितलं ते असं, जेवणं झाली, भांडी राहिली, साडेआठ वाजले, मेणबत्ती लावली, सगळे गुडघ्यावर. पहिल्या रहस्यात (रोजरीच्या पाच भागांना रहस्यं म्हणतात) धाकटीने जपमाळ तोंडात घातली, ती काढून घेतली म्हणून तिने भोकाड पसरलं, दुसऱ्या रहस्यात मधला सोफ्यावर चढला, थोरलीला हसू आलं, आई म्हणाली "येशू बघतोय हं", तिसऱ्यात मधल्याने उडी मारली आणि मेणबत्तीला धक्का लागला, आईने त्याचा दंड धरून खाली बसवलं, तो रडला, बाबा म्हणाले "राहू दे ना आता, पुरे", आई म्हणाली "तुमच्यामुळेच मुलं ऐकत नाहीत" आणि मग पुढची दोन रहस्यं तिने एकटीने, भरभर, रडत म्हटली. पूर्ण पाच केली मात्र. "अर्धी सोडली तर देवाला काय वाटेल?" असं तिने मला विचारलं आणि त्या वेळी तिचा चेहरा सात वर्षांच्या मुलीसारखा दिसत होता.

जरा हिशोब बघा. पाच रहस्यांची रोजरी म्हणजे प्रत्येक रहस्यात दहा आणि सुरुवातीच्या तीन धरून त्रेपन्न वेळा नमो मरिया ही मरियेची छोटी प्रार्थना, शिवाय प्रभूची प्रार्थना आणि बाकीचं. सावकाश म्हटली तर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. दिवसभर खेळून दमलेल्या, झोपेला आलेल्या चार वर्षांच्या मुलाने इतका वेळ गुडघ्यावर गप्प राहणं हे त्याच्या शरीराला जमणारंच नाहीये, त्यात भक्तीचा प्रश्नच येत नाही. तो हलतो कारण तो चार वर्षांचा आहे. दीड वर्षाची धाकटी जपमाळ तोंडात घालते कारण त्या वयात जग तोंडानेच कळतं.

दुसऱ्या भेटीला तिने मधल्याला सोबत आणलं. माझ्या खोलीत एका टोपलीत प्लॅस्टिकचे प्राणी असतात, मी त्याला म्हटलं खेळ हवं ते, आणि आम्ही दोघी बोलत बसलो. थोड्या वेळाने त्याने हत्ती, सिंह, जिराफ, गाय सगळे एका ओळीत उभे केले आणि जिराफाला आडवा केला. मग बोट दाखवून मोठ्या आवाजात, "गप्प बस! येशू बघतोय! येशू रागावलाय तुझ्यावर!" आणि जिराफाला उचलून उशीखाली कोंबलं. मी विचारलं, जिराफ कुठे गेला रे? तो म्हणाला, "लपला. येशूला दिसू नये म्हणून."

आई बोलता बोलता थांबली. नंतर बराच वेळ ती काहीच बोलली नाही, मीही काही बोलले नाही.

मला या सगळ्या केसमध्ये जे सांगायचंय ते इथे आहे. त्या आईने कधीही मुलांना देवाची भीती घालायचं ठरवलं नव्हतं. ती दमलेली होती, तिचे शब्द संपले होते, आणि शब्द संपले की आपण आपल्यापेक्षा मोठ्या कोणाचं तरी नाव घेतो. पण लहान मूल ते शब्दशः घेतं. त्याच्या मनात "येशू बघतोय" हे वाक्य ज्या ज्या वेळी आलं त्या त्या वेळी आईचा चेहरा चिडलेला होता, दंड दुखत होता. मग त्याच्यासाठी येशूचा चेहरा कसा असणार? देवाला घरातला हवालदार केलं की मूल देवापासून लपायला शिकतं.

थोरलीचं वेगळंच चालू होतं, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं कारण ती शहाणी मुलगी. तिसऱ्या भेटीत ती आली, दप्तरातून एक वही काढली, त्यात कन्फेशनसाठी पापांची यादी. पानभर. रोजरीत हसले. रोजरीत जांभई दिली. भावाला चिमटा काढला. परत हसले. आणि सगळ्यात खाली, "मम्मी रडली." मी विचारलं हे तुझं पाप कसं, तर म्हणाली "मी नीट बसले असते तर मम्मी रडली नसती ना." सात वर्षांची पोर, आईच्या अश्रूंचा हिशोब स्वतःच्या नावावर लिहून बसलेली.

सात हे वय मुद्दाम सांगते. चर्चच्या कायद्यात सात वर्षं पूर्ण झाली की मुलाला समज आली असं धरतात, रविवारच्या मिस्साचं बंधन तिथून सुरू होतं. पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सातवर आणलं, त्याआधी मुलांना दहा-बारा, कधी त्याहून जास्त वर्षांचं होईपर्यंत थांबवायचे. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला चूक-बरोबर कळतं हे खरं. पण कळायला नुकती सुरुवात झालेली असते. चुकून झालेलं, मुद्दाम केलेलं आणि आपल्या हातात नसलेलं हा फरक त्या वयात अजून कच्चा असतो, तो मोठ्यांनी समजावून द्यावा लागतो. मी तिला एवढंच सांगितलं की हसू येणं, जांभई येणं हे शिंक येण्यासारखं आहे, त्याची यादी करत नाहीत. चिमटा मुद्दाम काढला होतास का? "हो." मग तो ठेव. आणि मम्मीचं रडणं मम्मीला विचारू. आईने तिथेच तिला जवळ घेतलं आणि म्हणाली की मी दमले होते म्हणून रडले, ते तुझ्यामुळे नव्हतं आणि मी तुला हे आधीच सांगायला हवं होतं. (तुमचं मूल पुन्हा पुन्हा तेच विचारत असेल, मी पाप केलं का, देव मला माफ करेल का, उत्तर देऊनही दहा मिनिटांनी परत विचारत असेल, झोप उडाली असेल, तर ही फक्त भक्ती आहे असं समजून सोडून देऊ नका, बालमानसतज्ज्ञाला दाखवा.)

आता आईला काय सांगितलं ते. ती म्हणाली, "पण मॅडम सवय लागायला नको का? संतांच्या घरी असं चालत असेल का?" मग मी तिला झेली मार्टिनबद्दल सांगितलं, फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाची आई. नवराबायको दोघांनाही २०१५ मध्ये संतपद मिळालं. तिला नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली, लेस विणण्याचा स्वतःचा व्यवसाय सांभाळायची, आणि तिची पत्रं तिसऱ्या मुलीच्या, लिओनीच्या काळजीने भरलेली आहेत, पोर ऐकत नाही, शाळेत टिकत नाही, हिचं कसं होणार. पुढे ती लिओनी नन झाली ते आईला बघायला मिळालंच नाही. आणि तेरेजा स्वतः, नन झाल्यावरसुद्धा प्रार्थनेच्या वेळी तिला झोप लागायची, तर ती म्हणायची की आईबापांना मुलं झोपलेली असली तरी तितकीच लाडकी असतात. हे ऐकून आई पहिल्यांदा मोकळी हसली.

मग आम्ही रोजरी लहान केली. खूप लहान. रात्री साडेआठ नाही, संध्याकाळी जेवणाआधी, आणि फक्त एक रहस्य, दहा नमो मरिया. पहिल्या आठवड्यात तर मी म्हटलं तीनच नमो मरिया करा. मुलं छान बसली तरी वाढवायचं नाही, ठरलं तिथे थांबायचं, कारण "चांगलं वागलो की अजून लांबतं" हे मुलांना फार लवकर कळतं. धाकटीला तोंडात घालता येईल अशी जाड लाकडी मण्यांची पक्की जपमाळ, मणी सुटत नाहीत ना ते तपासून, आणि आपली नजर तिच्यावर. तिला फिरायचं असेल तर फिरू दे. मधल्याला काम दिलं, शेवटी मेणबत्ती फुंकायची, बाबांच्या मांडीवर बसून. थोरलीने रोज एक नाव सांगायचं, आज कोणासाठी प्रार्थना करायची. उरलेली चार रहस्यं? मुलं झोपल्यावर आईने हवी तर म्हणावी, बाबा घरी असतील तर दोघांनी मिळून, आणि डोळे मिटत असतील तर झोपावं.

अजून एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात अवघड. रागाच्या वेळी येशूचं नाव घ्यायचं नाही. राग आपला आहे तर आपल्या नावाने सांगायचा, "मी दमलेय, माझं डोकं दुखतंय, सोफ्यावरून उडी नको." येशूचं नाव घ्यायचं ते मूल पडलं की कुशीत घेताना, रात्री पांघरूण घालताना, कोणी खाऊ वाटून खाल्ला तेव्हा. बाबांनाही बोलावलं होतं, त्यांना सांगितलं की "राहू दे ना" हे मुलांसमोर मध्येच बोलू नका, काय ते नंतर दोघं बोला, आणि घरी असाल तेव्हा रोजरीची सुरुवात तुम्ही करा. त्यांना ते पटलं, खरं तर त्यांना भाग घ्यायचाच होता पण आपल्याला जमत नाही असं त्यांनी धरून टाकलं होतं. सासूबाईंना त्यांनी स्वतः फोन केला, आई, आम्ही रोज एक रहस्य करतो, तू तिकडे पाच कर आमच्यासाठी.

रविवारच्या मिस्साचंही विचारलं तिने, कारण तिथे लोकांच्या नजरा. मुलं रडली की लोक वळून बघतात ना, ते तिला फार लागायचं. मी तिला आठवण करून दिली की जानेवारी २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये बाळांचे बाप्तिस्मे करताना आयांना सांगितलं होतं की बाळ भुकेलं असेल तर बिनधास्त पाजा, इथे तीच सगळ्यात महत्त्वाची आहेत. चर्चची अधिकृत शिकवणही म्हणते की आजारपण किंवा तान्ह्या बाळाची देखभाल हे मिस्सा चुकण्याचं गंभीर आणि मान्य कारण असू शकतं. त्यामुळे बाळ तापलेलं असताना ओढत नेऊ नका, एकाने एका मिस्साला जा दुसऱ्याने दुसऱ्या. एरवी न्या, रडलं तर बाहेर न्या, शांत झालं की परत आत या, बाहेर शिक्षा नाही आणि बाहेर खेळही नाही. आणि जमलं तर मागे नाही, पुढे बसा, मागून मुलांना फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात, पुढून वेदी दिसते, मेणबत्त्या दिसतात, फादर काय करतात ते दिसतं.

सगळं सरळ झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "मॅडम, आज परत ओरडले, परत तेच वाक्य निघालं तोंडातून." मी विचारलं मग काय केलंत, म्हणाली मधल्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं की येशू रागावलेला नाहीये, मम्मी रागावली होती, सॉरी. तो काय म्हणाला? काही नाही, मेणबत्ती फुंकायला पळाला.

दोनेक महिन्यांनी शेवटची भेट झाली. मधला खोलीत आला तो थेट टोपलीकडे, प्राणी परत ओळीत उभे केले, जिराफ या वेळी मधोमध, आणि स्वतःच जमिनीवर पडून काहीतरी पुटपुटत राहिला, त्यातलं मला फक्त "आमेन" ऐकू आलं. थोरलीची पहिली कन्फेशन पुढच्या शनिवारी होती. मी विचारलं, यादीचं काय झालं गं? तिने वहीचं पान घडी घालून घट्ट धरलं होतं, मला बाहेरूनच दाखवलं, आत दोनच ओळी असाव्यात. वाचू का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली.

"हे फक्त फादरांना सांगायचंय."