क्रॅकेन येतं, पण मुलाच्या शाळेचं काय?

रोगजंतू ओळखायच्या सिक्वेन्सिंग डेटावर (म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या माहितीवर) काम करायला सहकुटुंब परदेशी निघालाय, तर आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी उगाळत नाही.

डीएनएचा तुकडा कोणत्या जीवाचा ते सांगणारं क्रॅकेन २ हे सॉफ्टवेअर येत असेल तर सुरुवातीला पुरे. फक्त त्याचा कॉन्फिडन्सचा आकडा, म्हणजे नाव देण्याआधी किती जुळणी हवी ती मर्यादा, नीट समजून घ्या. तो मुळात ० असतो, त्यामुळे रीडमधले (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या एका तुकड्यातले) ३५ अक्षरांचे थोडेसे तुकडे जुळले तरी ते नाव चिकटवून मोकळं होतं. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या सबवेत प्लेग आणि अँथ्रॅक्सचे अंश 'सापडले' आणि पुढे दुरुस्ती छापावी लागली. साधन वेगळं, पण चूक याच जातीची. अँथ्रॅक्सच्या जिवाणूचे भाऊबंद मातीत सगळीकडे असतात.

मी आल्या आल्या असंच केलं. पाठीतल्या पाण्याच्या नमुन्यात ब्रॅडीरायझोबियम भरभरून दिसला आणि मी उत्साहाने रिपोर्ट लिहिला. शेंगांच्या झाडांच्या मुळाशी राहणारा जिवाणू तिथे कुठून येणार? किटमधल्या रसायनांतून आला होता. सोबत कोरा कंट्रोल, म्हणजे नमुना न घालता केलेली तीच चाचणी, लावलाय का, हे मी विचारलंच नव्हतं.

एकटेपणा वाटतो, मग कामात विसरायला होतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

शाळेचं मात्र लिहिते. मुलाचा जन्मदाखला भाषांतरित करून घेतला, तर म्हणे शिक्का चुकीचा. तो तीनदा केला. मग मुलाची वीस मिनिटं भाषेची चाचणी घेतली आणि त्याला एक वर्ग खाली बसवलं. गणितात तो वर्गाच्या पुढे होता, ते कुणी पाहिलंच नाही. ओळखता आलं नाही तर क्रॅकेन निदान 'अनक्लासिफाइड' तरी म्हणतं. शाळेवर मी वर्षभर चिडले, पण संमतीपत्रावर सही माझीच आहे. त्या दिवशी सर्व्हरवर माझी पाइपलाइन (एकापाठोपाठ चालणाऱ्या प्रोग्रॅमची साखळी) अडकली होती आणि मला लवकर निघायचं होतं. पुन्हा चाचणी घ्या म्हणायला एक वाक्य पुरलं असतं.

आता तो मोठा झालाय, हसून सोडून देतो. माझ्याशी त्या वर्षाबद्दल मात्र बोलत नाही.

आणि हो, क्रॅकेनचा पूर्ण डेटाबेस मेमरीत बसायला बरीच रॅम लागते. सर्व्हर कोणता देणार, ते ऑफर स्वीकारण्याआधीच विचारून घ्या.