रिसेप्टरचा अहवाल : वाचकांचे प्रश्न, पॅथॉलॉजिस्टची उत्तरे

स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालातील ईआर (इस्ट्रोजेन या हार्मोनचा), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा) आणि हर-टू या रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीला संदेश पोहोचवणाऱ्या प्रथिनांच्या, नोंदींविषयी नागपूर आणि आसपासच्या वाचकांकडून सतत तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांतील काहींची उत्तरे येथे एकत्र देत आहे. मी गाठीची तपासणी करणारा पॅथॉलॉजिस्ट आहे. उपचार मात्र तुमचे कर्करोगतज्ज्ञच ठरवतील.

प्रश्न : आईच्या अहवालात ‘हर-टू ३+’ लिहिले आहे. म्हणजे तिसरी स्टेज का? (नंदनवन)

नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाला चढलेल्या रंगाचा गुण आहे. अहवालात २+ असेल तर मात्र फिश चाचणी (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) करून घ्यावी लागते.

प्रश्न : रिसेप्टरमुळेच कर्करोग पसरतो का? (काटोल)

रिसेप्टर निरोगी पेशींवरही असतात. हर-टूचे प्रमाण फार वाढले की ते एकमेकांशी जोड्या जमवतात आणि पेशीला विभाजनाचा संदेश सतत देत राहतात. अशा पेशी शेजारच्या पेशींना सोडून सरकूही लागतात. सीएक्ससीआर-४ नावाचा आणखी एक रिसेप्टर आहे. त्याला आकर्षित करणारे द्रव्य लसिकाग्रंथी, फुप्फुसे, यकृत आणि अस्थिमज्जेत भरपूर असते, आणि कर्करोग तिथेच का पोहोचतो याचा एक धागा त्यातून २००१ मध्ये हाती लागला. ईआर मात्र पृष्ठभागावर नव्हे, मुख्यतः पेशीच्या केंद्रकात असतो. हर-टूवर १९९८ पासून ट्रास्टुझुमॅब हे औषध आहे, त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून खचून जाऊ नका. तो अहवाल डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सुई टोचली की गाठ पसरते, असे सगळे म्हणतात. (उमरेड)

सगळ्यांचे ऐकू नका. बायोप्सीवाचून, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासल्यावाचून, रिसेप्टर कळत नाहीत आणि रिसेप्टर कळल्यावाचून योग्य औषध ठरत नाही. याच आठवड्यात तज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : पत्नीचा ईआर एका ठिकाणी निगेटिव्ह, दुसरीकडे पॉझिटिव्ह आला. खरा कोणता? (भंडारा)

अहवालांआधी एक गोष्ट विचारा : शस्त्रक्रियेनंतर गाठ कशात ठेवली होती? ऐन मे महिन्यात माझ्याकडे आलेली एक बाटली मला विसरता येत नाही. तिच्या अरुंद तोंडातून अख्खी गाठ आत कोंबलेली, भोवती गढूळ गुलाबी सलाइन, आणि ओल्या चिठ्ठीवरचे नाव पुसट झालेले. सलाइनमध्ये ऊतक टिकत नाही. ते आतून कुजू लागते, ईआर नष्ट होऊ शकतो आणि मग आम्हाला जो निगेटिव्ह दिसतो तो कदाचित त्या बाईच्या रोगाचा नसून त्या बाटलीचा असतो. गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत, मोठी असल्यास चिरून, तिच्या दहापट १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडवली पाहिजे आणि किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास त्यात राहिली पाहिजे. एक टक्का पेशींच्या केंद्रकांना रंग चढला तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात, म्हणून खोट्या निगेटिव्हची किंमत म्हणजे अनेक वर्षे चालणारे हार्मोनचे उपचार हातचे जाणे. त्याच स्लाइडवरील निरोगी दुग्धनलिकांना रंग चढला होता का, हेही विचारा. चढला नसेल तर त्या निगेटिव्हवर विसंबू नका. नुसत्या स्लाइड नव्हे, गाठीचा तुकडा मेणात बसवलेला मूळ ब्लॉक मागून घ्या, तो तिसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तिन्ही अहवाल कर्करोगतज्ज्ञांसमोर ठेवा.

प्रश्न : ‘हार्मोन रिसेप्टर बंद करते’ असे छापलेले चूर्ण टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीसोबत चालेल का? (सीताबर्डी)

घेऊ नका. पाकिटावर छापले म्हणून ते सिद्ध होत नाही. हा आजारी माणसाच्या भीतीवर चालणारा धंदा आहे आणि त्याची मला चीड येते. टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप यकृतात तयार होते आणि काही औषधे नेमके तेच काम अडवतात. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे आणि पुडीचे पाकीट डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आठ वर्षांनी हाडात डाग दिसला आहे. जुना अहवाल असताना पुन्हा बायोप्सी कशाला? (वर्धा)

ईआर पॉझिटिव्ह कर्करोग इतक्या वर्षांनीही उलटू शकतो, बहुधा हाडांतच, आणि नव्या जागी त्याचे रिसेप्टर बदललेले असू शकतात. बायोप्सी शक्य आहे का ते तज्ज्ञांना विचारा आणि जाताना जुना ब्लॉकही सोबत न्या. हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले तर रिसेप्टरची तपासणी बिघडते, म्हणून ही तपासणी करायची आहे हे प्रयोगशाळेला आधीच लिहून द्यायला सांगा.