बँकेच्या परीक्षेला बसू का, ताई?

"ताई, बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काल एका आजींची शीर दोनदा सापडली नाही. आजी म्हणाल्या, 'राहू दे गं, परत बघ.' पण सिस्टर अख्ख्या वॉर्डासमोर ओरडल्या. नातेवाईक अरेतुरे करतात. पास झालेल्या मुलींना बारा-तेरा हजारांवर राबवतात. आई म्हणते, एवढी फी भरली, आता माघार नको. डिग्री घेऊन बँकेच्या परीक्षा देऊ का?"

प्रिय मुली,

तुला रडवलं ते सिस्टरांनी, आजींनी नाही. पेशंटचा कंटाळा आल्याचं तुझ्या पत्रात कुठेच नाही.

पहिल्या वर्षी माझ्याही हातून अशीच शीर निसटली होती. माझ्या सिस्टर शेजारी येऊन बसल्या. म्हाताऱ्या बाईचा हात खाटेखाली सोडायला लावला, वर कोमट फडका ठेवला, पट्टा सैल बांधला आणि म्हणाल्या, "आता बोटाने शोध, डोळ्यांनी नको." त्या भेटल्या नसत्या तर मी तेव्हाच गाव गाठलं असतं. मुली टिकतात की जातात, हे बरंचसं पहिल्या वॉर्डात कोण भेटतं यावर ठरतं.

तुझ्या सिस्टरांचं चुकलंच. टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हा नर्सिंग कौन्सिलचा निकष, आणि प्रत्यक्षात एकीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड. त्या का चिडतात ते यातून कळतं, पण तो राग तू का झेलायचा? क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना आजच सांग. एकटीने जमत नसेल तर मैत्रिणीला सोबत ने.

पगाराची तुझी तक्रार शंभर टक्के खरी. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितलं, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० च्या खाली पगार नको. तरीही कमी देतात, याची मला चीड येते. म्हणून पहिली नोकरी धरताना पगार, नाइट ड्युट्या आणि रात्री घरी जायची सोय लेखी माग. मूळ कागदपत्रं ठेवून घेणाऱ्या ठिकाणी पाऊल टाकू नकोस. एम्सची नर्सभरतीची परीक्षा नॉरसेट आणि राज्याची सरकारी भरती, दोन्हींचा अभ्यास आत्तापासून धर.

आईला माझा नमस्कार सांग. फी भरली म्हणून कुणी आयुष्यभर नाइट ड्युट्या करू नयेत, हेही सांग. बँकेची परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येते, ती वाट कुठे पळून जात नाही. लहान मुलांचा वॉर्ड, लेबर रूम, गावातली कम्युनिटी पोस्टिंग, हे सगळं बघून झालं की मला परत लिही. पुढच्या आजींची शीर सापडली का, तेही कळव.

तुझी,
ताई