'टायगर रॅग' या जुन्या जॅझ गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग नक्की कोणतं, १९१७ चं की १९१८ चं?

१९१७ चं. तारीख १७ ऑगस्ट, न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्सचा ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड, कंपनी एओलियन. जो तो व्हिक्टर कंपनीची २५ मार्च १९१८ ची रेकॉर्डच पहिली म्हणून सांगतो, ते साफ चूक आहे आणि याच मुद्द्यावरून आमच्या दाजींचं आणि माझं कित्येक वर्षं वाजतंय.

मी न्यू जर्सीत असतो. इथल्या जुन्या बाजारात मला ती एओलियनची रेकॉर्ड मिळाली, ताई-दाजी आले होते म्हणून हौसेने लावली तर नुसती खरखर. दाजी लगेच, "कोरी आहे रे, फसवलं तुला." अहो कोरी कसली! व्हिक्टरच्या खाचेत सुई डावी-उजवीकडे हलते, एओलियनच्या त्या रेकॉर्डमध्ये वर-खाली, आणि प्लेयर मोनोवर असला की वर-खालीचा आवाज दोन चॅनल एकमेकांत मारून टाकतात. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, एका चॅनलच्या दोन वायरी उलट्या जोडल्या आणि बँडमधल्या लॅरी शील्ड्सच्या क्लॅरिनेटचा आवाज असा खणखणीत आला की काटा आला अंगावर. तेव्हा बहुतेक घरांत व्हिक्टर-कोलंबियाची मशीनं, त्यांच्यावर ही नीट वाजायचीच नाही मग खपणार कशी? पुढच्या वर्षी व्हिक्टरने तेच गाणं परत घेतलं आणि ते तुफान चाललं.

तरी दाजींचं पालुपद, "लोकांनी ऐकली ती पहिली." नाही हो दाजी, पहिली म्हणजे पहिली, खपाचा काय संबंध? आणि बँडचा म्होरक्या लारोका आणि मंडळींनी कॉपीराइट घेतला म्हणून गाणं त्यांचंच, हेही मला मान्य नाही. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन याने १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या रेकॉर्डिंगमध्ये लोकसंगीत गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सला पियानोवर वाजवून दाखवलं की हे जुन्या फ्रेंच क्वाड्रिलवरून (नाचाच्या संगीतावरून) आपण बनवलंय. मॉर्टनचं सगळंच खरं धरू नका, जॅझसुद्धा मीच शोधला म्हणणारा माणूस तो. पण न्यू ऑर्लिन्समध्ये हे तुकडे काळे-गोरे सगळेच वाजवायचे, या पाच गोऱ्या पोरांना स्टुडिओ आधी मिळाला इतकंच, काळ्या किंग ऑलिव्हरच्या बँडला त्यासाठी १९२३ उजाडलं. हे कबूल करायला दाजींचं काय जातं?

बाकी नुसतं ऐकायचंच असेल तर १९१८ ची घ्या, ती सहज मिळते, आणि मग आर्ट टेटमची १९३३ ची, एकट्या पियानोवरची.