बाहीच्या कडेला मशीनने कंगोरे, म्हणजे अर्धगोलांची नक्षी, भरताना कापड गोळा होतं. काय चुकतंय? भरतकामाचं वेगळं मशीन घेऊ का?

कंगोरे आधी कापून घेता ना? मग गोळा होणारच. आमच्या क्लासच्या बाईंनीही हेच शिकवलं होतं, आधी कापा, मग भरा. त्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचं साखरपुड्याचं ब्लाउज वाया गेलं.

मोरपंखी टू बाय टू रुबिया. दोन्ही बाह्यांचे कंगोरे सुबक कापले, कापड दाबून धरणारं प्रेशर फूट काढलं, कापड पुढे सरकवणारे दाते खाली केले. कापलेली कड भरतकामाच्या रिंगेत धड बसेना, म्हणून बोटांनी ताणून धरली आणि भरीव टाका, म्हणजे एकमेकांना चिकटून दाट टाके, सुरू केला. तिसऱ्या कंगोऱ्यापर्यंत कड द्रोणासारखी वळली. चौथ्याला सुईने कापडच खाली ओढलं, बॉबीनपाशी दोऱ्यांचा हा गुंता! इस्त्री फिरवून पाहिलं तर एक बाही दुसरीपेक्षा बोटभर आखूड. बाई म्हणाल्या, "तुझा हात जड आहे गं." बहीण साखरपुडाभर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसली. फोटोंत दिसतंच.

हात जड नव्हता. भरीव टाका दोन्ही बाजूंनी कापड आत ओढतो. कडेपलीकडे ती ओढ सोसायला कापडच नसेल तर कड वळणार. त्यात कंगोऱ्याच्या गोलाईवर कापड उरेब, म्हणजे तिरकं, येतं आणि हातात ताणलं जातं.

मी आता बाही आधी कापतच नाही. अख्ख्या कापडावर आखते, कंगोऱ्यांबाहेर दोन इंच तरी कापड सोडते, खाली आधाराला कागदी बॅकिंग लावून रिंग कसते. रेघेवर साधी शिलाई, तिच्यावर भरीव टाका, आणि सगळं झाल्यावर बारीक कात्रीने टाक्यालगत बाहेरचं कापड उडवते. सुती असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, दोरा आटत नाही.

मशीनचं म्हणाल तर माझं सगळं पायाच्या मशीनवर, रिंग हाताने डावी-उजवी हलवत. रोजच्या ऑर्डरी असतील तर खुशाल कॉम्प्युटरवालं घ्या, पण कापलेली कड त्यालाही सांभाळता येणार नाही.

हां, एक राहिलं. नंतर कापलं की सुती कापडाचे तंतू टाक्यातून डोकावतात. त्यांच्यावरून अरुंद टाक्याचा दुसरा फेरा मारावा लागतो. आधी कापलं तर हे तंतू टाक्याखाली झाकले जातात, तेवढं बाईंचं खरं. पण बाही आखूड झाली ती झालीच ना?